ओटा कोणत्या बाजूला होता

“ताई, तुम्ही आमचं गाव उलटं टांगलंय,” नगराध्यक्ष आबासाहेब म्हणाले.

मी शिडीवर होते. हातात हातोडी आणि ओठांत खिळे, त्यामुळे लगेच काही बोलता आलं नाही. भिंतीवर नुकताच लावलेला फोटो सरळ होता. माणसांची डोकी वर होती, पाय खाली होते. मी खिळे हातात घेतले आणि काय उलटं आहे ते विचारलं.

“ओटा,” ते म्हणाले. “ओटा डावीकडे असतो. तुम्ही उजवीकडे छापलाय.”

त्या गावात नगरपालिकेचं नवं सभागृह बांधून झालं होतं. उद्घाटनाच्या दिवशी तिथे जुन्या गावाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. गावाचं नाव सांगत नाही. नाशिकहून येवल्याकडे जाताना लागतं एवढं पुरे. तिथली माणसं अजूनही माझ्याकडे फोटो मोठे करून घ्यायला येतात आणि ती मला हवी आहेत.

हे नव्वदच्या दशकातलं. नाशिकमध्ये तेव्हा रंगीत लॅबचं पीक आलं होतं. सकाळी रोल द्यावा, संध्याकाळी फोटो न्यावेत. माझी डार्करूम मात्र ब्लॅक अँड व्हाइटची राहिली. कुणाच्या तरी वडिलांचा पासपोर्ट फोटो मोठा करायचा, सुरकुत्या थोड्या कमी करायच्या, हार घालण्याजोगा करून द्यायचा, अशा ऑर्डरी असत. काही लोक मला ‘मेलेल्यांच्या फोटोवाल्या बाई’ म्हणत. ग्राहक जिवंत असेपर्यंत माझी त्याला हरकत नव्हती.

या गावात फार पूर्वी एक फोटोग्राफर होऊन गेले होते. त्यांचा कॅमेरा ट्रंकेएवढा होता आणि त्यात फिल्मऐवजी काच घालावी लागे. त्या काचेवरच निगेटिव्ह तयार होई. त्यांची नातसून मंदाकाकू गावातच राहत होत्या. त्यांनी माळ्यावरच्या लाकडी पेटीत या काचा ठेवल्या होत्या. सगळ्या मात्र उरल्या नव्हत्या. काही काचा त्यांनी गरम पाण्यात घासून स्वच्छ केल्या होत्या आणि देवांच्या तसबिरींना लावल्या होत्या. काच फार चांगली होती हो, असं त्या मला कौतुकानं सांगत होत्या. म्हणजे गावाचा थोडाफार इतिहास सध्या दत्ताच्या आणि लक्ष्मीच्या पुढे पारदर्शक होऊन बसला आहे.

उरलेल्या काचांवरही पुष्कळ होतं. टांग्यांचा अड्डा. मुलींची शाळा, त्यात एकही मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाही. गल्लीत रेशमाचे धागे ताणून बसलेले विणकर. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे बाजारपेठेचा फोटो. फोटोग्राफरनं मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर कॅमेरा ठेवून समोरच्या वेशीपर्यंतचा अख्खा रस्ता टिपला होता. दोन्ही बाजूंना दुकानं आणि एका दुकानापुढे दगडी ओटा.

हाच फोटो गावाला पाठ होता. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात वर्षानुवर्षं टांगलेली होती. ती आबासाहेबांच्या वडिलांनी भेट दिलेली होती. त्या प्रतीत ओटा डावीकडे होता. देवळातून वेशीकडे तोंड केलं की डावीकडे आबासाहेबांचं कापडाचं दुकान येतं. मी काचेवरून जो फोटो छापला त्यात ओटा उजवीकडे आला होता. उजवीकडे नानांचं किराणा दुकान. नाना म्हणजे नगरपालिकेतले विरोधी पक्षनेते.

एरवी ओटा इकडे असो की तिकडे, कोणी विचारलं नसतं. पण पेठेतला रस्ता रुंद करायचा होता. दुकानांपुढचे ओटे रस्त्यात आले होते. जो ओटा जुना असेल तो राहील, नवा असेल तो पाडायचा, असा नगरपालिकेनं ठराव केला होता. आबासाहेब आणि नाना दोघांचेही भलेमोठे ओटे होते आणि दोघेही आपला ओटा पणजोबांनी बांधला असं सांगत. आबासाहेबांकडे पुरावा होता, वाचनालयातला फोटो. नानांकडे नुसता आवाज होता.

मी आबासाहेबांना शिडीवरून उतरून समजावलं. काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत काचेची. दुसरी मंद, जिच्यावर औषधाचा थर असतो. इंग्रजीत त्याला इमल्शन म्हणतात, आम्ही आपसांत मसाला म्हणतो. फोटो छापताना मसाल्याची बाजू कागदाकडे ठेवायची. काच पालथी पडली की आरशातल्यासारखी डाव्याची उजवी बाजू होते. वाचनालयातला फोटो छापताना कोणीतरी काच पालथी ठेवली होती.

आबासाहेबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “आणि तुम्हीच पालथी ठेवली नाही कशावरून?”

मी पुन्हा मसाल्याविषयी सांगू लागले. त्यांनी हात वर केला. माझ्या मसाल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या वडिलांवर होता.

एवढ्यात नाना आले. बातमी त्यांना कशी लागली, माहीत नाही, पण सभागृहाचा रंगही अजून वाळलेला नव्हता आणि नाना चार माणसं घेऊन हजर. त्यांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, मग परत जवळून पाहिला.

“ताई, लय ब्येस काम केलं,” ते म्हणाले. “आमच्या पणजोबांचा ओटा हाय हा. मी वरडून वरडून सांगत व्हतो, कोणी ऐकत नव्हतं. आता हा फोटो म्हणंल ते मला मान्य. सगळ्यांसमोर सांगतो.”

आबासाहेब म्हणाले की फोटो म्हणेल ते त्यांनाही मान्य आहे, फक्त फोटो सरळ छापलेला हवा.

मग मुख्याधिकारी आले. हे सरकारी नोकरीतले, नव्यानं बदलून आलेले, सडपातळ आणि सावध. गावात नगराध्यक्षांचं ऐकायचं, विरोधकांचंही ऐकायचं आणि सही कशावरच करायची नाही, असा त्यांचा आजवरचा कारभार होता. त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, “मॅडम, तो फोटो काढा.”

मी म्हटलं, काढलेलाच आहे, शंभरेक वर्षांपूर्वी.

ते हसले नाहीत. भिंतीवरून काढा, असं त्यांनी स्पष्ट केलं. मी नकार दिला. सगळं प्रदर्शन त्या एका फोटोभोवती मांडलं होतं. शिवाय मी काच बरोबर ठेवली होती हे मला ठाऊक होतं. उद्या गावभर बोभाटा झाला असता की नाशिकच्या बाईंना फोटो धड छापता येत नाही, म्हणून त्यांनी तो उतरवला. माझा सगळा धंदा लोकांच्या आजोबांवर चालत होता. आजोबांचा चेहरा उलटा येईल अशी शंका आली तर कोण ऑर्डर देणार?

मुख्याधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. मसाला सोडून दुसरा, लोकांना पटेल असा.

मी फोटोसमोर खुर्ची ओढली, भिंग घेतलं आणि बसले. काचेवरच्या निगेटिव्हची हीच गंमत. ती इतकी बारीक टिपते की मोठं करत गेलं तरी माणसं सापडत राहतात. दुकानांवर पाट्या असत्या तर एका मिनिटात निकाल लागला असता, अक्षरं उलटी दिसली असती. पण पाट्या नव्हत्या. कोणाचं दुकान कोणतं हे गावात लिहून ठेवायची गरज पडत नसावी. घरं सगळी पाडून सिमेंटची झाली होती, त्यामुळे तीही उपयोगाची नव्हती. समोरची वेस दोन्ही अंगांनी सारखी. शाळेतले एक निवृत्त गुरुजी सावल्यांवरून दिशा सांगायला पुढे आले, पण फोटो सकाळचा की संध्याकाळचा हेच ठाऊक नसल्यानं त्यांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिला आणि चहा घेऊन गेले.

मग मला माणसं दिसू लागली. पिंपळाखाली न्हावी दाढी करत होता, वस्तरा उजव्या हातात. एकजण पानावरचं काहीतरी खात होता, उजव्या हातानं. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका चालल्या होत्या, सगळ्यांचे पदर डाव्या खांद्यावर. मी वाचनालयातला फोटो मागवून घेतला आणि तोच भाग पाहिला. न्हावी डावखुरा. खाणारा डाव्या हातानं खातोय. सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर.

माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. मी आबासाहेबांना फक्त न्हावी दाखवला.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या गावात पूर्वी एक डावखुरा न्हावी होता, असं वडील सांगायचे.”

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नगरसेवकांनी माना हलवल्या. एकाला तर त्या न्हाव्याचं नावही आठवलं. माझ्या डोळ्यांदेखत गावाच्या इतिहासात एका माणसाची भर पडली.

तेव्हा मला कळलं की मी सांगून उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर मला थोडी मजाही सुचली. मी मुख्याधिकाऱ्यांना म्हटलं, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावू. माझाही आणि वाचनालयातलाही. कोण चूक, कोण बरोबर, आपण काही म्हणायचं नाही. खाली फक्त एक ओळ लिहू: ‘यांतला एक फोटो उलटा छापला आहे. कोणता?’

मुख्याधिकाऱ्यांना ही कल्पना फार आवडली, कारण तीत त्यांना काहीच ठरवायचं नव्हतं. आबासाहेबांना आवडली, कारण गाव त्यांच्या वडिलांचा फोटो लहानपणापासून बघत आलं होतं. नानांना आवडली, कारण आबासाहेबांचा फोटो उलटा असू शकतो हे पहिल्यांदाच भिंतीवर लिहिलं जाणार होतं. पदरांचं मी कोणालाच सांगितलं नाही.

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी फीत कापली, भाषण केलं आणि लोक आत शिरले. टांगे, शाळा, विणकर यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सगळी गर्दी त्या दोन फोटोंपुढे. आबासाहेबांचे कार्यकर्ते डावीकडे उभे राहून डावा फोटो खरा म्हणत होते, नानांचे उजवीकडे उभे राहून उजवा. एखादं निवडणुकीचं बूथ असावं तसं चाललं होतं. प्रत्येकाला आपापल्या फोटोत आपले पूर्वजही दिसत होते. एकच पागोटेवाला चार घराण्यांनी वाटून घेतला.

दुपारी बायका आल्या. त्यांत आबासाहेबांच्या पत्नी होत्या, त्यांना सगळे माई म्हणत. माईंना ओट्याच्या भांडणात रस नव्हता, तसं त्या मला चहाच्या वेळी म्हणाल्याही होत्या. घरात रोज तेच ऐकून कान किटले होते. त्या फोटोंपुढे उभ्या राहिल्या. आधी एक पाहिला, मग दुसरा. मी जवळच होते. काही न बोलता उभी राहिले, आणि हे माझ्यासारखीला सोपं नाही.

“अहो, या बायकांचे पदर बघा,” माई शेजारणीला म्हणाल्या. “उजव्या खांद्यावर कोण पदर घेतं?”

त्यांचं बोट वाचनालयातल्या फोटोवर होतं. आजूबाजूच्या बायका पुढे सरकल्या. प्रत्येकीनं नकळत आपल्या खांद्याला हात लावून पाहिला. मग दुसऱ्या फोटोत पाहिलं. तिथे सगळं जागच्या जागी होतं.

आबासाहेबांच्या एका नगरसेवकानं परिस्थिती सावरायचा प्रयत्न केला. त्या बायका गुजराती असतील, त्या उजव्या खांद्यावरूनच पदर घेतात, असं त्यानं सुचवलं. दम होता त्याच्या म्हणण्यात.

माईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. “नऊवारी नेसलेल्या?”

मग बायकांनी अख्खा फोटो धुंडाळला. डाव्या हातानं खाणारा माणूस सापडला, डावखुरा न्हावी सापडला, डाव्या हातानं तागडी धरलेला भाजीवाला सापडला, तो मलाही दिसला नव्हता. एक आजी म्हणाल्या की अख्खं गाव डावखुरं होतं तर मग आपण सगळे कोणावर गेलो? त्यावर जो हशा पिकला तो थेट सभागृहाबाहेर ऐकू गेला. आबासाहेब तेव्हा बाहेर पाहुण्यांना निरोप देत होते. काय झालं म्हणून ते आत आले, तर त्यांना ते त्यांच्या पत्नीनंच सविस्तर समजावून सांगितलं, बोट लावून.

आबासाहेबांना मी त्या क्षणी मानलं. त्यांनी घसा साफ केला आणि वडिलांना कोणीतरी फसवून उलटा फोटो विकला असावा, असं जाहीर केलं. नानांच्या माणसांनी यावर भुवया उंचावल्या. मुद्दाम उलटा छापून घेतला असंही कोणी पुटपुटलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. काच पालथी पडली होती की पालथी घातली होती, हे फोटोत दिसत नाही.

नाना मात्र हवेत होते. त्यांनी पेढे मागवले आणि स्वतःच्या हातानं वाटले. सगळ्यांना फोटोसमोर उभं करून ते सांगत होते, “बघा, हा ओटा. फोटो म्हणंल ते मान्य, मी कालच बोल्लो व्हतो.”

मुख्याधिकाऱ्यांनीही पेढा घेतला. खात खात ते फोटोजवळ गेले. माझं भिंग मागून घेतलं. माणूस एवढा वेळ काय बघतोय म्हणून मी त्यांच्या शेजारी गेले. ते ओट्याकडेच बघत होते. ओट्यावर एक गृहस्थ मांडी घालून बसले होते आणि त्यांचे गुडघे ओट्याच्या कडेबाहेर आले होते. समोरून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी चालल्या होत्या आणि मधून एक बाई कळशी घेऊन आरामात येत होती.

“मॅडम, हा ओटा केवढा असेल?” त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, एक माणूस मांडी घालून पुरता मावत नाही एवढा.

त्यांनी खिडकीतून बाहेर पेठेत पाहिलं. मीही पाहिलं. नानांच्या आजच्या ओट्यावर गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, वजनकाटा, नानांचा पलंग आणि वर पत्र्याची शेड होती. रस्त्यावरून एक टेम्पो दोन ओट्यांच्या मधून अंग चोरून निघाला होता. पलीकडे आबासाहेबांच्या ओट्याला संगमरवर होता. फोटोत त्या जागी ओटाच नव्हता, नुसती एक गाय बसली होती.

मुख्याधिकाऱ्यांनी पेढा संपवला, रुमालानं बोटं पुसली आणि नानांना सगळ्यांसमोर अतिशय नम्रपणे विचारलं, फोटो म्हणेल ते मान्य, असंच ना? नानांनी छाती पुढे काढून हो म्हटलं. मग मुख्याधिकाऱ्यांनी भिंग त्यांच्या हाती दिलं.

नानांनी पाहिलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच शेजारच्या माणसाकडे दिला.

ते म्हणू लागले की फोटो लांबून काढलेला आहे, लांबून सगळं बारीक दिसतं. पण गृहस्थही तेवढ्याच लांबून काढलेले होते. त्यांचे गुडघे काही आत जाईनात.

पुढचं काम आबासाहेबांनी सोपं केलं. आपला ओटा जाणार हे दिसल्यावर नानांचा तरी का राहावा, असा त्यांनी सरळ हिशोब केला. रस्ता रुंद करायची फाइल त्यांनी आजवर दाबून ठेवली होती, असं गावात म्हणत. ती बाहेर आली. आबासाहेबांचा संगमरवरी ओटा मुळासकट गेला. नानांचा ओटा फोटोबरहुकूम ठेवला गेला, म्हणजे एका माणसाच्या मांडीएवढा. मुख्याधिकारी त्यानंतर गावात जरा ताठ चालू लागले. बदली झाल्यावर त्यांनी त्या फोटोची एक प्रत माझ्याकडून मागवून घेतली.

नाना त्या चिमुकल्या ओट्यावर अजूनही बसतात, गुडघे बाहेर काढून. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की पेठेतला हा एकमेव जुना ओटा. ते खरंच आहे.

काही महिन्यांनी आबासाहेब नाशिकला माझ्या स्टुडिओत आले. इकडचंतिकडचं बोलणं झालं, चहा झाला. मग त्यांनी बैठकीत लावायला पेठेच्या फोटोची मोठी प्रत हवी आहे असं सांगितलं. मी विचारलं, कोणती?

“आमची,” ते म्हणाले.

“माई चालवून घेतील?”

“त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर लावणार आहे.”

मी काच पालथी घातली आणि छापून दिली. मागच्या बाजूला शाईनं ‘उलटा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे पुढेमागे कोणाचा ओटा त्यात अडकू नये. आबासाहेबांनी ते वाचलं आणि हरकत घेतली नाही. फ्रेम केल्यावर मागचं कोण बघतंय, असं त्यांचं मत पडलं.

आता डार्करूम राहिली नाही, फोटो कॉम्प्युटरवर मोठे होतात, पण कोणाच्या माळ्यावर काचा सापडल्या की नवी मुलं मला विचारायला येतात. त्यांना मी सांगते, काचेची मसाल्याची बाजू ओळखायची असेल तर बोट किंचित ओलं करून अगदी कोपऱ्यात टेकवा. चिकट लागेल ती मसाल्याची. माणसांची बाजू ओळखायला एवढी सोपी युक्ती नाही, तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावं.